दिवे लावले तरच वाजणारा सेट

प्रिय टिल्ल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच टेबलावर पडू देशील आणि मग तुझी बायको म्हणेल, अरे उघड तरी. म्हणून तिचे आभार आधीच मानून ठेवते. फोन करून पाहिले. तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मीटिंगमध्ये असतोस. खोक्यांच्या कारखान्यात माणसं दिवसभर मीटिंगमध्ये असतात हे मला तुझ्यामुळेच कळलं. शिवाय मला जे विचारायचं आहे ते फोनवर विचारायचा धीर होत नाही. ते मी शेवटी विचारीन. आधी आपल्या गाडीच्या सेटची कटकट ऐकून घे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आपल्या घरात वायरींतलं कळणारी दोन माणसं होती. एक चौदा वर्षांपूर्वी पक्कड खाली ठेवून निघून गेलं. दुसरं आता एकोणऐंशीचं आहे आणि सेटचं नाव काढलं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरतं. मी इतिहास शिकवणारी बाई. मला बल्ब बदलायचा तरी स्टुलावर चढण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

तुला ठाऊक नसेल, दोन वर्षांपूर्वी बाबांनी गाडी चालवणं सोडलं. एका सकाळी किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाले, आजपासून तू. तेव्हापासून रोज पाचला आम्ही फेरी मारायला निघतो. पाण्याच्या टाकीवरून, मग पुलाखालून, नदीपर्यंत आणि परत. बाबा शेजारी बसतात, काच चार बोटं खाली करतात, सेट लावतात. आधी बातम्या, मग जुनी गाणी. दिवसभर मुखस्तंभ असलेला माणूस त्या पाऊण तासात बोलतो. कुठल्या गाडीचं हॉर्न बसलंय, कोणाचा ब्रेकचा दिवा गेलाय, मी गिअर कसा चुकीचा टाकते. आईबद्दलही बोलतात, पण फक्त नदीच्या बाजूला तोंड करून. डॉक्टरांनी सांगितलंय की यांना घराबाहेर काढत जा, नाहीतर पाय आखडतील. तेव्हा ती फेरी म्हणजे आमचं औषध आहे, आणि सेट बंद पडल्यापासून ते औषध बंद आहे. आज बाविसावा दिवस. सेट नाही तर गाडीत बसून काय करायचं, तुझं तोंड बघायचं का, असं म्हणाले. मी म्हटलं, तोंड तुमच्यावरच गेलंय. त्यावरही हसले नाहीत.

हा सेट गाडीबरोबर आलेला नाही. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू आलास आणि चौथ्या दिवशी परत गेलास, त्याच्या पुढच्या महिन्यात बाबांनी कंपनीचा जुना टेप काढून फेकला आणि बाजारातून हा पडदा असलेला नवा सेट आणला. दुकानदार फुकट बसवून देत होता, तर त्याच्याशी भांडून आले. मग तीन दिवस पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडी टाकून, पाय बाहेर आणि डोकं डॅशबोर्डखाली, असे एकटेच बसून होते. मी टॉर्च धरायला गेले तर म्हणाले, तू वर जा. मला वाटलं, रडायचं असेल त्यांना. म्हणून मी वर गेले. सेट पाच वर्षं सुरेख वाजला.

मग मागच्या महिन्यात गाडीचा ब्लोअर बिघडला. कोपऱ्यावर एसीचं काम करणारा एक आहे, सभ्य माणूस, हात स्वच्छ पुसून किल्ली परत देणारा. त्याने डॅशबोर्ड उघडला, सेट बाहेर काढला, ब्लोअर दुरुस्त केला, सगळं परत बसवलं. गाडी घेऊन घरी आले, किल्ली फिरवली, वारा झकास, सेट मुका. पडद्यावर नुसता एक अंधूक उजेड, पाणी घातलेल्या दुधासारखा. बटणं दाबली, पुन्हा किल्ली फिरवली, पुस्तिका काढून फ्यूज शोधला, तो काढून उजेडात धरून पाहिला. फ्यूज ठणठणीत. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या बॅटरी उतरली असेल. बॅटरी उतरली असती तर गाडी कशी सुरू झाली, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण त्या माझ्याहून सीनियर आहेत.

गंमत पुढे आहे. चार दिवसांनी मी एकटी बाजारात गेले आणि गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये नेली. खाली काळोख, म्हणून दिवे लावले, आणि सेट असा बोंबलला की माझा पाय ब्रेकवरून सटकला. बातम्या चालू. दिवे बंद केले, बातम्या बंद. लावले, चालू. मागच्या गाडीवाल्याला वाटलं मी त्याला काही खुणा करते आहे. तोही बिचारा दिवे लावून-विझवून उत्तर द्यायला लागला. घरी येऊन बाबांना सांगितलं, सेट वाजतो, पण दिवे लावले तरच. मला वाटलं होतं हसतील, किंवा निदान त्यांच्यातला कारागीर जागा होईल. पण त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. कुणी उघडला होता, असं विचारलं. मी एसीवाल्याचं नाव घेतलं. मग म्हणाले, राहू दे, नको मला सेट. आणि उठून गेले. मी तिथेच बसून राहिले. माझं काय चुकलं ते मला कळेना.

पुन्हा एसीवाल्याकडे गेले. त्याने माझ्यासमोर सेट ओढून बाहेर काढला आणि एकेक जोड दाखवला. ‘हे बघा ताई, पिवळ्याला पिवळी, लालला लाल, नारिंगीला नारिंगी, काळ्याला काळी. रंगाला रंग लावलाय. आता मी काय वायरीला रंग बदल म्हणू?’ खरंच होतं. पुस्तिकेतही तसंच छापलंय. सेटची पिवळी कायम बॅटरीला, लाल किल्लीला, नारिंगी दिव्यांना, म्हणजे अंधारात दिवे लावले की पडदा डोळ्यांवर न येता मंद होतो. सगळं पुस्तकाप्रमाणे आणि तरी सेट उलटा. एसीवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आधीचे जोड त्याने सोडवले तेव्हा ते पुस्तकाप्रमाणे नव्हते, लालला नारिंगी लावलेली होती. त्याला वाटलं कुणा अडाण्याचं काम आहे, म्हणून त्याने ‘सुधारून’ दिलं. अडाण्याचं! मी तिथेच त्याला सुनावलं, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं हेच काम केलंय, गाडीच्या वायरींसाठी लोक दुसऱ्या गावाहून त्यांच्याकडे यायचे. तो बिचारा कान धरून सॉरी म्हणाला. पण परत येताना माझंच डोकं चक्रावलं. चाळीस वर्षांचा कारागीर लालला नारिंगी का लावेल?

रविवारी सकाळी शेजारणीला बाबांजवळ गप्पा मारत बसवलं आणि मी गाडीत जाऊन बसले. बाबांच्या पत्र्याच्या पेटीतून टेस्ट लॅम्प घेतला होता. तोच, लाकडी मुठीचा, एका टोकाला टोचा आणि मुठीत बारका बल्ब. आपल्या वायरिंगच्या दुकानात तुम्हा दोघांचं पाहून पाहून एवढं तर मला येतं, की चिमटा लोखंडाला लावायचा, टोचा वायरीला, आणि बल्ब लागला की वायरीत वीज आहे. किल्ली फिरवली. बाबांनी गाडीतून ओढलेल्या लाल वायरीला टोचा लावला, काही नाही. नारिंगीला लावला, बल्ब लागला. दिवे लावले, तर लाल जिवंत. म्हणजे सेट बरोबर होता, एसीवाला बरोबर होता, पुस्तिका बरोबर होती, फक्त बाबांनी आतून ओढलेल्या वायरींचे रंग उलटे होते. म्हटलं, म्हातारपण. आई नुकतीच गेली होती, डोकं ठिकाणावर नसेल, हाताला येईल ती वायर ओढली असेल. असं स्वतःला समजावून मी चिकटपट्टी सोलायला लागले, आणि तेव्हा बोटाला गाठी लागल्या.

तुला त्या गाठी माहीत आहेत. मला त्या नव्या होत्या, कारण मी दुकानात टेबलावर पावत्या लिहायचे, वायरींत डोकं घालायचे तुम्ही दोघं. प्रत्येक वायरीवर टोकाजवळ आईच्या शिलाईचा जाड दोरा बांधलेला. पिवळीवर एक गाठ. नारिंगीवर दोन. लालवर तीन. काळीवर काहीच नाही. मी बसून ताळा जुळवला. एक म्हणजे कायम बॅटरी, दोन म्हणजे किल्ली, तीन म्हणजे दिवे. एकही गाठ चुकलेली नव्हती. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचं काम नव्हतं ते. मग डोळे दुखेपर्यंत एकेक वायर न्याहाळली. पिवळ्या आणि निळ्या वायरी जिथे असायला हव्यात अगदी तिथे. घोळ फक्त लाल, हिरव्या, नारिंगी आणि तपकिरी रंगांचा. आणि एक वायर तर अशी, की निम्मी हिरवी आणि निम्मी तपकिरी. लांबी कमी पडली म्हणून मध्ये दुसरा तुकडा जोडलेला, इतक्या सफाईने की जोड हाताला लागत नाही. डोळे असलेला कुणीही माणूस असे दोन तुकडे घेणार नाही, निदान घेताना जरा थांबेल. बाबा थांबले नव्हते, कारण त्यांच्यालेखी ती एकच वायर होती.

टिल्ल्या, मी त्या गाडीत दार उघडं टाकून किती वेळ बसले कोण जाणे. मग एकेक आठवायला लागलं. ल्यूडो खेळताना बाबा नेहमी पिवळ्या सोंगट्या घ्यायचे आणि तुझी सोंगटी माझी समजून मारायचे. आपण ‘बाबा रडी खाताय’ म्हणून ओरडायचो आणि ते पट उधळून निघून जायचे. कच्चे टोमॅटो आणायचे आणि आई काही न बोलता दुसऱ्या दिवशी स्वतः जायची. त्यांचे कपडे रोज सकाळी आईच काढून ठेवायची, मोज्यांसकट, आणि मी कॉलेजात असताना तिला त्यावरून लेक्चर दिलं होतं की नवऱ्याला इतकं लाडावून ठेवू नये. मला गाडी शिकवताना बाबा कधीच लाल-हिरवा म्हणाले नाहीत. वरचा लागला, थांब. खालचा लागला, चल. चाळीस वर्षं त्यांनी आईखेरीज कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आणि मी, इतिहास शिकवणारी, पुरावे कसे वाचावेत हे पोरांना सांगणारी, एकाच घरात राहून ठार आंधळी.

तरीही खात्री करावी म्हणून मी एक वाईट गोष्ट केली. परीक्षेचे पेपर ठेवायच्या दोन फायली असतात माझ्या, एक लाल, एक हिरवी. त्यांच्यावरची नावाची चिठ्ठी काढून टाकली, दोन्ही बाबांसमोर ठेवल्या आणि भाजी चिरता चिरता म्हटलं, बाबा, जरा ती लाल फाइल द्या ना. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘तूच घे, माझे हात ओले आहेत.’ त्यांचे हात कोरडे होते. मी मान खाली घालून भाजी चिरत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला जे नको होतं तेच कळलं, आणि त्यांनाही कळलं की मला कळलंय.

आता त्या दिवसाबद्दल बोलायला हवं. आपल्यात तो विषय कुणी काढत नाही, मीही काढला नसता. दातांच्या डॉक्टरीणबाईंची कोरी गाडी, मोठ्या आवाजाचा सेट, मागे ॲम्प्लिफायर. बाई स्वतः दुकानात खुर्चीवर बसल्या होत्या, संध्याकाळच्या आत गाडी हवी होती. सेटबरोबर तयार वायरी आल्या होत्या, एक लाल, एक हिरवी, जाड, चकचकीत. लाल बॅटरीकडून येणारी, हिरवी गाडीच्या अंगाला, म्हणजे लोखंडाला बांधलेली. बाबा पुढे खाली वाकून गालिच्याखालून टोकं मागे सरकवत होते आणि तू मागे बसून जोडत होतास. घाई होती म्हणून टेस्ट लॅम्प लावला नाही. गाठी मारायला वेळ नव्हता, हे मला आत्ता कळतंय. किल्ली फिरली आणि गालिच्यातून धूर आला. वाळूची बादली, पाणी, आरडाओरडा, ते सगळं तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. कुणाला इजा झाली नाही, पण निम्मी गाडी आतून करपली.

पुढचं मात्र मला तुझ्याहून जास्त आठवतं. बाबा काही बोलले नव्हते. ते पक्कड हातात धरून उभे होते, तोंड राखेसारखं झालं होतं. बाई विचारत होत्या, हे कसं झालं, कुणी केलं. तुम्ही दोघंही गप्प. आणि टेबलामागून उठून पहिल्यांदा बोलले ती मी. मी म्हणाले, यानेच लाल-हिरवी उलटी लावली असणार, याचं लक्ष कुठे असतं कामात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, ‘नजर कुठे असते रे तुझी?’ तू एवढंच म्हणालास की बाबांनी दिली तीच मी जोडली. एकदाच म्हणालास. मग पक्कड ठेवलीस, हात पुसलेस, आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या गावी खोक्यांच्या कारखान्यात. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की बाप-लेकाचं भांडण, दोघेही हट्टी, मी मध्ये पडत नाही. मी मध्ये पडत नाही! सुरुवातच मी केली होती. आणि टिल्ल्या, मी काही पाहिलं नव्हतं. माझं डोकं पावत्यांत होतं. धूर आला तेव्हा मी वर पाहिलं, त्याआधी नाही. बाबांची अब्रू वाचवायला कुणीतरी हवं होतं आणि तू जवळ होतास. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण चोर कोण आणि संन्यासी कोण, तेही मला अजून ठरवता येत नाही, म्हणून डोक्याचं पार खोबरं झालंय.

कारण मला तुझंही कोडं सुटत नाही. तुला माहीत होतं का रे? तू सात-आठ वर्षांचा असताना बाबा तुला मांडीजवळ बसवून एकेक वायर वर धरायचे आणि तू मोठ्याने रंग सांगायचास. आम्हा सगळ्यांना वाटायचं, बाबा तुला शिकवतायत. कोण कोणाला शिकवत होतं देव जाणे. तू समजून चुकला असशील, आणि त्या बाईंसमोर तोंड उघडलं तर बाबांच्या दुकानाला कुलूप लागेल म्हणून गप्प बसला असशील? की तुला काहीच ठाऊक नव्हतं, आणि आपल्या दुकानात रंगाला कधी किंमतच नव्हती म्हणून तू रंग पाहिलाच नाहीस? बाबा म्हणतील ती बॅटरीची, हाच आपल्याकडचा नियम. लाल असो वा जांभळी. की मी म्हणाले तेच खरं होतं, तुझं लक्ष नव्हतं, आणि मी न पाहता बरोबर बोलले? कधी एक पटतं, कधी दुसरं. वर्गात औरंगजेबावर बोलता बोलता मध्येच गप्प होते, आणि मुलं एकमेकांकडे पाहतात.

परवा दुपारी मी बाबांना हाताला धरून खाली नेलं. सेट बाहेर लोंबत होता तसाच ठेवला होता मी. त्यांना सीटवर बसवलं आणि काही न बोलता त्यांचं बोट नारिंगी वायरीच्या दोऱ्यावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, अंगठ्याने चाचपलं. ‘दोन. किल्लीची.’ दुसरी दिली. ‘तीन. दिव्यांची.’ मग म्हणाले, तुझ्या आईने सुचवलं होतं दोऱ्याचं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मला राग आला होता, टिल्ल्या, खरं सांगते. तुझी चौदा वर्षं गेली आणि हा माणूस फेरी मारताना गाणी ऐकत होता, असा राग. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का चूक तुमची होती, आणि तरी गप्प बसलात? ते म्हणाले, नाही. मला वाटलं, अजून खोटं बोलतायत. म्हणाले, मला माहीत असतं तर बरं झालं असतं.

म्हणून हे पत्र. बाबा म्हणतात, त्या दिवशी दोन्ही टोकं त्यांच्या हातात होती आणि दोन्ही त्यांना सारखीच दिसत होती. त्यांनी एक निवडली, ‘ही बॅटरीची’ म्हणून मागे सरकवली, आणि ती बरोबर होती की चूक, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही. चौदा वर्षं ते रोज स्वतःला विचारत आलेत, आणि दुसऱ्या कुणाला विचारू शकले नाहीत, कारण विचारणं म्हणजे सांगणं. तो रंग पाहिलेला माणूस जगात एकच आहे. परवा गाडीत बसून ते मला म्हणाले, त्याला लिही. विचार, बॅटरीची म्हणून मी त्याच्या हातात दिली ती लाल होती की हिरवी. तो सांगेल ते मी मानीन. लाल असेल तर माझा त्याच्यावरचा राग खरा होता आणि तो मी सोडला. हिरवी असेल तर मी येतो त्याच्या दारात, तू गाडी चालव. एवढंच विचारायचं होतं. एका शब्दाचं उत्तर आहे. तुला खरंच आठवत नसेल तर तसं लिही, आम्ही तेही घेऊ. पण त्यांना वाचवायला काही लिहू नकोस, आणि मला शिक्षा व्हावी म्हणूनही लिहू नकोस. जी होती ती लिही.

तुझीच,
न पाहता बोललेली
ताई